वर्गातला व्हिडिओ, मैदानातला सिनेमा आणि कॉपीराइटची भीती

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. गावाने लोकवर्गणीतून शाळेला स्मार्ट टीव्ही घेऊन दिला आहे. आमची मुले दुष्काळी पट्ट्यातली, बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. म्हणून भरती-ओहोटी शिकवताना मी यूट्यूबवरचा व्हिडिओ दाखवते. शाळेत रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे तो घरून पेनड्राइव्हवर घेऊन येते. एखाद्या शनिवारी माझ्या स्वतःच्या ओटीटी खात्यावरून बालचित्रपटही दाखवते. मागच्या शिक्षण परिषदेत एका सरांनी व्हॉट्सअपवर आलेला मेसेज वाचून दाखवला : ३० सेकंदांपेक्षा जास्त व्हिडिओ वर्गात दाखवला तर कॉपीराइटचा गुन्हा, तीन वर्षे कैद. तेव्हापासून मुख्याध्यापकांनी टीव्हीला कव्हर घातले आहे. त्यात आमच्या गॅदरिंगच्या यूट्यूबवरच्या व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आलेला आहे, त्याने भीती आणखी वाढली. आणि दुसरीकडे शाळा व्यवस्थापन समिती म्हणते, रंगरंगोटीच्या खर्चासाठी मैदानात पडदा लावून गावाला १० रुपये तिकिटावर सिनेमा दाखवू. यातले काय चालते आणि काय नाही?
— एक शिक्षिका

उत्तर :

ताई, उद्या शाळेत गेल्यावर आधी टीव्हीचं कव्हर काढा. भरती-ओहोटीचा व्हिडिओ सातवीच्या पोरांना दाखवला म्हणून तुम्हाला कोणी कैदेत टाकणार नाही.

त्या सरांनी सांगितलेला शिक्षेचा आकडा मात्र खरा आहे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात, म्हणजे कॉपीराइट अॅक्टमध्ये, कलम ६३ आहे. जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, असं ते म्हणतं. पण उल्लंघन कशाला म्हणायचं नाही याची लांबलचक यादी त्याच कायद्यात कलम ५२ मध्ये दिलेली आहे आणि त्या यादीत शाळेचं नाव ठळक आहे. शिक्षेचं कलम छोटं आणि चमचमीत, म्हणून ते फॉरवर्ड होतं. सवलतीचं कलम पानंच्या पानं चालतं, ते कोण फॉरवर्ड करणार!

तुमच्या कामाची पोटकलमं दोन. पहिलं ५२(१)(जे). शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांच्या ओघात चित्रपट दाखवला किंवा ध्वनिमुद्रण ऐकवलं, आणि समोर बसलेली माणसं म्हणजे त्या संस्थेचे शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंध असलेले लोक एवढीच असली, तर ते उल्लंघन नाही. कायद्यातला 'चित्रपट' म्हणजे फक्त थिएटरात लागतो तो सिनेमा नव्हे. कुठलंही दृश्य मुद्रण त्यात येतं. त्यामुळे यूट्यूबवरचा सहा मिनिटांचा व्हिडिओ, माहितीपट, कार्टून, सगळं यात बसतं. तो व्हिडिओ परदेशी असला तरी आपल्या देशात आपल्याच कायद्याने पाहायचा.

या पोटकलमात काय लिहिलेलं नाही, तेही बघा. मिनिटांची मर्यादा नाही. 'पाठ्यक्रमातला घटक असेल तरच' अशी अट नाही. शब्द आहे 'उपक्रम', तेव्हा शनिवारचा बालचित्रपटही आत येतो. पालकसभेला दाखवलेला आरोग्याचा माहितीपटही येतो, कारण पालक यादीत आहेत. व्यवस्थापन समितीचे सदस्यही 'संबंधित' या शब्दात मावतात.

मग ती ३० सेकंदांची गोष्ट आली कुठून? अमेरिकेतून, तीही वाटेत मोडतोड होऊन. तिथे १९९६ मध्ये शिक्षणासाठी मल्टिमीडिया वापरण्याबद्दल काही मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. शिक्षकाने स्वतःच्या सादरीकरणात दुसऱ्याचं चलत्चित्र घ्यायचं तर १० टक्के किंवा तीन मिनिटं, यांतलं जे कमी असेल तेवढं. गाण्याचं १० टक्के, पण ३० सेकंदांच्या वर नाही. ही तत्त्वं तिथेही कायदा नव्हती. वर्गात पूर्ण चित्रपट दाखवण्यासाठी अमेरिकन कायद्यात वेगळंच कलम आहे, ११०(१). त्यात अटी आहेत : नफा न कमावणारी शिक्षणसंस्था, शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर, शिकवण्याचाच भाग, आणि व्हिडिओची प्रत कायदेशीर. म्हणजे परीक्षा संपली म्हणून मजेखातर सिनेमा लावला तर तिकडच्या शिक्षकाला अडचण. अमेरिकेत रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवायला हवं, त्यांना तिथलाच नियम लागू. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात तर, केवळ पालक आहे म्हणून कोणी शाळेशी संबंधित ठरत नाही, असं स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे पालकांना हात धरून आत बसवलंय. या एका बाबतीत आपला कायदा जास्त मोकळा आहे, आणि आपणच तिकडचे नियम छापून भिंतीवर चिकटवतो!

आता पेनड्राइव्ह. इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण दाखवणं आणि प्रत करणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरचं (जे) दाखवण्यापुरतं आहे. प्रत करण्यासाठी ५२(१)(आय) आहे : शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत केली, तर ते उल्लंघन नाही. 'कोणत्याही कृतीची' यात पुस्तक, चित्र, गाणं, चित्रपट सगळं येतं.

'शिकवण्याच्या ओघात' याची व्याप्ती केवढी, यावर आपल्याकडे मोठा खटला होऊन गेला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनाची वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं काढून, बांधून, त्याचे संच ते मुलांना विकत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरात खंडपीठानेही मूळ तत्त्व उचलून धरलं : शिकवणं म्हणजे तास सुरू झाल्यापासून घंटा होईपर्यंतचा वेळ नव्हे, अभ्यासक्रमाची आखणी, तयारी, वाचन हे सगळं त्यात आलं, आणि किती भाग घेतला याला टक्केवारीची मोजपट्टी लागत नाही, शिकवायला जेवढा लागतो तेवढा घेता येतो. एवढी पानं खरोखर शिकवण्यासाठी लागत होती का, हे पुराव्यावर तपासायला त्यांनी दावा खाली परत पाठवला. पण २०१७ मध्ये प्रकाशकांनीच तो मागे घेतला. हा निकाल दिल्लीचा आहे, मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही, आणि तो पुस्तकांबद्दल आहे. तरी पोटकलम तेच असल्याने त्याचं वजन आहे.

म्हणून माझं मत असं : भरती-ओहोटीचा सहा मिनिटांचा व्हिडिओ तुम्ही सातवीच्या पाठासाठी पेनड्राइव्हवर आणला, तर कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने तुमची बाजू भक्कम आहे. पण यूट्यूबच्या स्वतःच्या अटी वेगळ्या आहेत. परवानगी नसताना डाउनलोड करू नये आणि व्हिडिओ वैयक्तिक वापरासाठीच पाहावा, सार्वजनिक ठिकाणी दाखवू नये, असं त्या अटींत आहे. अट मोडली तर तो तुमचा आणि त्या कंपनीचा करारातला प्रश्न, फौजदारी गुन्हा नव्हे. फार तर खातं बंद होऊ शकतं. सातवीचा वर्ग 'सार्वजनिक ठिकाण' आहे का, यावर वाद घालता येईल. तो घालत बसायची तुम्हाला गरज नाही. रेंज असेल त्या दिवशी सरळ यूट्यूबवरूनच लावा, नसेल त्या दिवसासाठी ज्यांनी स्वतःहून मोकळीक दिली आहे असं साहित्य जवळ ठेवा.

असं साहित्य पुष्कळ आहे. शालेय साहित्याचं सरकारी 'दीक्षा' पोर्टल तुम्हाला ठाऊकच आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की तिथलंच उघडतं, आणि अॅपमध्ये आशय उतरवून ठेवायची सोय आहे. अमेरिकेची अवकाश संस्था नासा आपले बहुतेक व्हिडिओ शिक्षणासाठी वापरू देते. चंद्राच्या कला, ग्रहणं, वरून दिसणारी पृथ्वी, हे तिथे जितकं सुरेख मिळतं तितकं कुठे नाही. आवाज इंग्रजी असतो, तो बंद करा आणि तुम्ही मराठीत बोला. पोरांना तेच जास्त आवडतं. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे पुण्याचे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर छोट्या फिल्म्स मोफत आहेत, मराठीतल्याही. आणि यूट्यूबवर शोधताना फिल्टरमध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' निवडलं, तर निर्मात्याने वापरायला मोकळे सोडलेले व्हिडिओ समोर येतात. त्यांना एकच मुख्य अट असते, निर्मात्याचं नाव सांगायचं. ते तसंही सांगावंच. बाई दर वेळी 'हा व्हिडिओ अमक्याने केलाय' असं म्हणतात, हे ऐकत वाढलेल्या पोराला कॉपीराइट वेगळा शिकवावा लागत नाही.

आणखी एक. मुख्याध्यापकांना धीर यायचा असेल तर कागद लागतो, तोंडी सांगून भागत नाही. तुमच्या दैनिक टाचणात एक ओळ वाढवा. 'इ. ७ वी, भूगोल, घटक : भरती-ओहोटी. दाखवलेला व्हिडिओ : (नाव), निर्माता : (चॅनल किंवा संस्था), वेळ ६ मि., त्यानंतर चर्चा : चंद्राची स्थिती आणि उधाणाची भरती.' कायदा अशी नोंद मागत नाही. पण व्हिडिओ शिकवण्याच्या ओघात होता याचा याहून सोपा पुरावा नाही, आणि केंद्रप्रमुख आले तर त्यांनाही बरं वाटतं.

व्हॉट्सअपचा मोह मात्र आवरा. पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओची फाइल टाकू नका, लिंक टाका. फाइल एकदा ग्रुपवर गेली की ती तुमच्या वर्गाची राहत नाही. कोणाचा मामा कुठे पाठवेल याला अंत नाही, आणि मग 'प्रेक्षक फक्त आमचेच' हे म्हणायला तोंड उरत नाही. ऑनलाइन तास घेताना व्हिडिओ दाखवायला हरकत नाही, त्याच मर्यादित प्रेक्षकांपर्यंत पोचवणंही (जे) मध्ये धरलेलं आहे. तासाला फक्त तुमचेच विद्यार्थी येतील एवढं बघा आणि त्याचं रेकॉर्डिंग जगासाठी खुलं करू नका.

ओटीटीचं तुम्ही विचारलंत. कायद्याच्या बाजूने उत्तर तेच, (जे) तुम्हाला सांभाळून घेतं. कराराच्या बाजूने खातं 'वैयक्तिक वापरासाठी' असतं. नेटफ्लिक्सच्या अटींत तर घराबाहेरच्या माणसांशी वाटून घेऊ नये असंही आहे. त्यातही त्यांनी एक खिडकी उघडी ठेवली आहे. स्वतः निर्मिलेल्या काही माहितीपटांना ते शैक्षणिक संस्थेत एकवार दाखवण्याची परवानगी देतात, पैसे घ्यायचे नाहीत, जाहिराती किंवा प्रायोजक घ्यायचे नाहीत, निधी गोळा करायचा नाही या अटींवर. ज्या माहितीपटाला ती लागू असेल तसं त्यांच्या संकेतस्थळावर त्या नावापुढे लिहिलेलं असतं. बाकी ठिकाणी धोका असेल तर खातं बंद होण्याचा, आणि ते खातं तुमच्या पैशाचं आहे, शाळेचं नाही. मी तुमच्या जागी असते तर शनिवारसाठी स्वतःचं खातं वापरलं नसतं. मुलांच्या चित्रपटाची अधिकृत डीव्हीडी शाळेच्या ग्रंथालयात घेतली असती किंवा निर्मात्याने स्वतःच्या अधिकृत चॅनलवर मोफत ठेवलेला चित्रपट लावला असता. चॅनल निर्मात्याचंच आहे ना, एवढं पाहून घ्यायचं. कोणीतरी 'फुल मूव्ही एचडी' म्हणून चढवलेला सिनेमा निर्मात्याचा नसतो.

स्क्रीन रेकॉर्डर लावून किंवा कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर वापरून ओटीटीवरचा सिनेमा काढून ठेवणं, हे मात्र अजिबात नको. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात ६५ए हे कलम आलं. उल्लंघनाच्या हेतूने असं संरक्षण तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तुमचा हेतू तसा नव्हता हे तुम्ही सिद्ध कराल कदाचित. पण एका सिनेमासाठी हे कशाला अंगावर घ्यायचं? टेलिग्रामवरून आलेल्या फाइलीचंही तेच. सवलतीच्या पोटकलमात प्रत कुठून आणली असं विचारलेलं नाही, हे खरं. तरी चोरीची प्रत घेऊन शाळेने सवलतीचा आधार मागणं मला पटत नाही, आणि न्यायाधीशांनाही पटेल असं वाटत नाही.

शनिवारच्या सिनेमाबाबत कॉपीराइटपेक्षा मोठी खबरदारी प्रमाणपत्राची, आणि याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. 'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट मुलांना दाखवणं हा १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचा भंग आहे, मग कॉपीराइटची कितीही सवलत असो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' चेही तीन भाग झाले : ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील. तुमची सहावीची पोरं ११-१२ वर्षांची, तेव्हा 'यू' किंवा 'यूए ७+' एवढंच धरा. ओटीटीवरही सुरुवातीला कोपऱ्यात अशीच खूण येते. आणि मुलांना दाखवण्याआधी चित्रपट स्वतः पूर्ण पाहा. 'लहान मुलांचा आहे म्हणे' यावर जाऊ नका.

गॅदरिंगकडे येते. कार्यक्रमात मुलं सिनेमातल्या गाण्यावर नाचली, गाणं स्पीकरवर लागलं, समोर पालक आणि शिक्षक बसले होते. इथपर्यंत सगळं (जे) मध्ये चोख बसतं. गडबड झाली ती व्हिडिओ यूट्यूबवर चढवल्यावर. तिथे प्रेक्षक म्हणजे अख्खं जग, सवलत मंडपाच्या दारात संपली. 'अनलिस्टेड' ठेवलं तरी फरक पडत नाही, कारण लिंक ज्याच्या हातात तो पाहू शकतो, आणि यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखायची ती ओळखतेच.

पण क्लेम आला म्हणून घाबरून जाऊ नका. क्लेम आणि स्ट्राइक यांत फरक आहे. क्लेम बहुतेक वेळा यंत्र देतं : या व्हिडिओत आमचं गाणं आहे, तर जाहिरातीचे पैसे आम्हाला, किंवा क्वचित व्हिडिओच बंद. त्याने चॅनलला डाग लागत नाही. स्ट्राइक म्हणजे मालकाने रीतसर 'काढून टाका' अशी मागणी केलेली असते. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल जातं. तुमच्याकडे क्लेम आहे. यूट्यूब स्टुडिओ उघडा, क्लेमवर दाबा, कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत कोणतं गाणं हे दिसेल. तिथेच तेवढा भाग कापणं, गाण्याचा आवाज बंद करणं किंवा दुसरं मोफत संगीत बसवणं असे पर्याय आहेत. आवाज बंद करून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. 'शैक्षणिक वापर आहे' असं लिहून वाद मात्र घालू नका. वाजवणं सवलतीत होतं, चढवणं नव्हतं, त्यामुळे तुमची बाजू कच्ची पडेल.

पुढच्या वर्षी चढवायचंच असेल तर चार नाच सिनेमाच्या गाण्यावर असू देत, ते मंडपापुरते. यूट्यूबसाठी पोरांनी स्वतः गायलेलं आणि गावातल्याच संबळ-ढोलकीवर वाजवलेलं काहीतरी ठेवा : एकनाथांचं भारूड, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या. शब्द शतकांपूर्वीचे, त्यांवर कोणाचा हक्क नाही. फक्त कॅसेट कंपनीने काढलेलं भारूडाचं रेकॉर्डिंग लावलंत तर ते रेकॉर्डिंग त्या कंपनीचं. शब्द जुने असून उपयोग नाही. जाता जाता : मुलींचे नाच, चेहरे, शाळेचं नाव, गावाचं नाव असा व्हिडिओ जगासाठी खुला ठेवावा का, हा प्रश्न मला कॉपीराइटपेक्षा जास्त छळतो. पालकांना लेखी विचारलं होतं का? नसेल तर व्हिडिओ 'प्रायव्हेट' करून टाकला तरी कोणाचं काही बिघडत नाही.

आता समितीचा सिनेमा. याला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. मैदान शाळेचं, पडदा शाळेचा, पैसे शाळेच्या रंगासाठी, हेतू अगदी सोन्यासारखा; पण समोर बसणार गाव, आणि गाव म्हणजे पालक नव्हे. ज्याचं पोर तुमच्या शाळेत नाही तो १० रुपये देऊन आत आला, त्या क्षणी शाळेची सवलत सुटली. फुकट दाखवलात तरी तीच अडचण राहते, तिकिटाने ती फक्त जास्त ठळक होते. शिवाय तिकीट लावून सिनेमा दाखवायचा तर महाराष्ट्र सिनेमा (नियमन) कायद्याखाली जागेच्या परवान्याचा प्रश्न येतो, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या. निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून लेखी परवानगी मिळवणं हा खरा मार्ग. छोट्या मराठी चित्रपटांचे निर्माते शाळेच्या कामासाठी कधीकधी खुशीने देतातही. ईमेलवर मागा, उत्तर जपून ठेवा. फोनवरचं 'दाखवा हो मॅडम' उपयोगाचं नाही.

समितीत कोणीतरी हमखास म्हणेल, जुना सिनेमा लावू, त्याचा कॉपीराइट संपलेला असतो. हे अर्धं खरं. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. 'श्यामची आई' १९५३ चा, म्हणजे त्या चित्रपटाची मुदत २०१३ च्या अखेरीला संपली. पण त्यातली पटकथा, गीतं, संगीत यांचे हक्क लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखणीचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. चित्रपट मोकळा झाला तरी त्याच्या आतलं लेखन मोकळं झालंय का, हा वकिलांच्या भांडणाचा विषय आहे, आणि १० रुपयांच्या तिकिटासाठी शाळेने त्यात पडू नये. रंगाचे पैसे दुसरीकडून आणा. मुलांनी बसवलेलं स्वतःचं नाटक ठेवा, तुम्हीच लिहिलेलं. त्याचा कॉपीराइट तुमचा, प्रेक्षक कोणीही, आणि पेटीत लोक १० ऐवजी ५० टाकतील.

शेवटचं एक, पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण डिसेंबर-जानेवारीत शाळांना हा प्रकार भेटतो म्हणून लिहिते. गॅदरिंगच्या तोंडावर एखाद्या संगीत परवाना देणाऱ्या कंपनीचं पत्र किंवा फोन येतो : गाणी वाजवणार असाल तर अमुक हजार भरा, नाहीतर कारवाई. फोनवर काही कबूल करू नका. 'लेखी पाठवा' एवढंच म्हणा. पत्र आलं की शाळेच्या लेटरहेडवर तीन गोष्टी विचारा : कोणत्या गाण्यांचे हक्क तुमच्याकडे आहेत त्यांची यादी, ते कोणत्या कराराने आले त्याची प्रत, आणि तुम्ही कलम ३३ खाली नोंदणी झालेली कॉपीराइट सोसायटी, म्हणजे हक्कदारांच्या वतीने परवाने देणारी संस्था, आहात का. खाली एक वाक्य : 'आमचा कार्यक्रम हा शाळेच्या उपक्रमाचा भाग असून प्रेक्षक फक्त विद्यार्थी, पालक, कर्मचारी व संस्थेशी संबंधित व्यक्ती आहेत, त्यामुळे प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५२(१)(जे) नुसार परवान्याची आवश्यकता नाही.' हे खरं राहावं म्हणून निमंत्रणपत्रिकेवर 'सर्व ग्रामस्थांना जाहीर आमंत्रण' छापू नका. सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना शाळेशी संबंधित म्हणून वेगळं पत्र द्या.

उत्तराची पोच शाळेच्या दप्तरात ठेवा. आणि कधी नोटीस तुमच्या स्वतःच्या नावाने आलीच, तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.